दिवाणी खटला 'रिमांड' होतो, त्याला मराठीत काय म्हणावं?

वेण्णाकाठ
गेल्या गुरुवारी सासूबाईंना वकिलांच्या ऑफिसातून फोन आला, "तुमची केस रिमांड झाली." संध्याकाळी मी घरी पोचले तर त्या ओट्यापाशी बसलेल्या, कुकरही लावला नव्हता. म्हणाल्या, "माझ्या भावाला आत टाकणार का गं? मी वाटा मागितला होता, त्याला कोठडी नव्हती मागितली." रिमांड म्हणजे पोलिस कोठडी, एवढंच त्यांनी आयुष्यभर बातम्यांत ऐकलेलं.

प्रकरण असं. त्यांचे वडील १९९८ साली गेले. दोन भाऊ, ह्या एकट्या बहीण, लग्न १९९४ च्या आधीचं. त्यामुळे मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क देणारी जी दुरुस्ती महाराष्ट्राने त्या वर्षी हिंदू वारसा कायद्यात केली, तिचा लाभ त्यांना नाही, कारण ती फक्त तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरती होती. २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली, पण 'फुलवती' निकालात (२०१५) सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, बाप हयात हवा. म्हणून खालच्या कोर्टाने नववा हिस्सा (वडिलांच्या तिसऱ्या हिश्श्याचा तिसरा) दिला, जिल्हा कोर्टाने तोच कायम केला. मग ११ ऑगस्ट २०२० ला 'विनीता शर्मा' निकाल आला: मुलीचा हक्क जन्माने आहे, बाप हयात असण्याशी संबंध नाही. नवव्याचा तिसरा हिस्सा होऊ शकतो. पण १९९२ सालीच तोंडी वाटप झाल्याचं भाऊ म्हणतात. त्या मुद्द्यात आधी कुणी शिरलंच नव्हतं. म्हणून हायकोर्टाने प्रकरण जिल्हा कोर्टाकडे परत पाठवलं, म्हणजेच 'रिमांड' केलं.

निकाल इंग्रजीत आहे. मला आईंसाठी दोन पानं मराठीत लिहायची आहेत. पहिल्याच ओळीत अडले. शब्द सुचवा.

मीमांसक
'प्रतिप्रेषण'. कायद्याच्या परिभाषेत हा शब्द आहे. 'प्रकरण प्रतिप्रेषित करण्यात आले.' नेमका, एकाच अर्थाचा, कोठडीशी गोंधळ होणार नाही असा. वापरलाच नाही तर रुळणार कसा? 'महापौर' तरी पहिल्या दिवशी कुणाला कळला होता?

जुना_कारकून
मीमांसकजी, आदर ठेवून सांगतो, तीस वर्षं वकिलांकडे कारकुनी केली, हा शब्द एकाही पक्षकाराच्या तोंडून ऐकला नाही. आम्ही सांगायचो, "वरून परत आली." वरचं कोर्ट, खालचं कोर्ट हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. 'दरखास्त' म्हटलं की हुकूमनाम्याची बजावणी, 'कैफियत' म्हटलं की प्रतिवादीचं लेखी म्हणणं, 'निशाणी' म्हटलं की कागदावरचा नंबर. हे शब्द त्याच्या घरात दोन-तीन पिढ्या आहेत. लिहायचंच असेल तर 'फेरचौकशीसाठी परत पाठवले' लिहा.

सांजवात
'फेरचौकशी' जपून वापरा. त्याने साक्षीपुरावे पुन्हा पहिल्यापासून होणार असं वाटतं, आणि तसं दर वेळी नसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ मध्येच फरक आहे. नियम २३ आणि २३-अ खाली खालचा हुकूमनामा रद्द होऊन प्रकरण परत जातं. नियम २५ खाली मात्र अपील वरच राहतं, फक्त एखादा मुद्दा निष्कर्षासाठी खाली पाठवतात. सासूबाईंच्या बाबतीत काय झालंय ते निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात बघा, मग शब्द ठरवा.

कोठडीशी नातं मात्र खरंच आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ परत धाडणे, पुन्हा हवाली करणे. कैदी परत कोठडीत धाडला तोही रिमांड, खटला परत खाली धाडला तोही रिमांड. मराठीत आलं ते फक्त पहिलं, फौजदारी बातम्यांमुळे.

पैनगंगा
आमच्या घरी याहून वाईट झालं. वडिलांच्या दुकानगाळ्याच्या केसमध्ये कुणीतरी निकालाचं मराठी करून दिलं: "खालील न्यायालयाचा आदेश बाजूला ठेवण्यात येत आहे." वडिलांनी अर्थ घेतला की निर्णय तूर्त लांबणीवर पडला, कारण पेपरात 'निकाल राखून ठेवला' असं येतंच. ते शांतपणे पुढच्या तारखेची वाट बघत बसले. तो आदेश रद्द झाला होता. वर दाद मागायची मुदत गेली तेव्हा कळलं. सरळ 'रद्द केला' लिहायला काय होतं? 'रद्दबातल' हा तर कुणालाही कळणारा शब्द आहे.

'निकाल कायम केला' हेही तसंच. कायम म्हणजे आता कधीच बदलणार नाही, असंच माणसं समजतात.

मीमांसक
म्हणूनच घडवलेली परिभाषा हवी. बोलीतले शब्द दहा अर्थांनी बरबटलेले असतात. शिवाय रद्द, कायम, दरखास्त, कैफियत सगळे अरबी-फारसी.

जुना_कारकून
आणि 'वकील'? तोही काढणार का? चारशे वर्षं घरात राहिलेल्याला पाहुणा म्हणू नये.

वेण्णाकाठ
सांजवात, बघितलं. हुकूमनामा रद्द करूनच परत पाठवलंय. आता दुसरी अडचण: 'विनीता शर्मा' निकाल सगळ्या कोर्टांवर बंधनकारक, हे सांगायला 'पायंडा' चालेल का?

घाटवाट
अजिबात नको. पायंडा वाईटाचा पडतो. "चुकीचा पायंडा पडेल" असंच आपण म्हणतो. शिवाय पायंडा सवयीने पडतो. सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ मुळे पाळावाच लागतो. 'नजीर' म्हणा.

सांजवात
नजीर हिंदी वर्तमानपत्रांतून येतोय. आपल्याकडे कोर्टात 'नाझर' असतो, बेलिफांवर देखरेख करणारा, पैसे भरून घेणारा. दोन्हींचं मूळ एकच, 'नजर' ज्यातून आला तेच. सासूबाई नजीर आणि नाझर यांत गोंधळतील. 'पूर्वनिर्णय' बरा.

जुना_कारकून
वकील तर 'रूलिंग' म्हणतात. "रूलिंग आहे का तुमच्याकडे?" संपलं.

पैनगंगा
पायंडा वाईटाचाच, हे मला पटत नाही. आमच्याकडे विहिरीत उतरायला बाजूच्या दगडांत जे खोबण्यासारखे पाय ठेवायचे असतात त्यांना पायंडे म्हणतात. आधी कुणी तरी उतरला म्हणून तुम्ही उतरू शकता. वरच्या कोर्टाचा निकाल खालच्यासाठी दुसरं काय असतो?

घाटवाट
पण विहिरीचा पायंडा टाळून दोराने उतरता येतं. कोर्टाला ती मुभा नाही.

वेण्णाकाठ
काल आईंना वाचून दाखवलं: "वरच्या कोर्टाने जुना निकाल रद्द करून प्रकरण परत खाली पाठवलं आहे. तोंडी वाटप खरंच झालं होतं का, एवढं आता बघतील. तोंडी वाटप सहसा मानत नाहीत, सरकारी कागदाचा आधार लागतो." त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे मी जिंकले का हरले?" याला एक शब्द आहे का कुणाकडे?

पैनगंगा
घाटवाट, दोराने उतरायचं तर रहाटाचा खांब शाबूत लागतो. आमच्या विहिरीचा फोटो शोधून टाकते, पायंडे स्पष्ट दिसतात.

मीमांसक
फोटो टाकाच. 'पायंडा'च्या व्युत्पत्तीवर मला वेगळं लिहायचं आहे.