मदत हवी आहे: ‘रोमेनियन’ हा शब्द मराठीत नक्की कसा वापरायचा?

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. त्यात ब्रांकुसी हा शिल्पकार येतो. महाराजांनी त्याच्याकडून पक्ष्याची तीन शिल्पं घेतली, एक ब्राँझचं, एक काळ्या संगमरवराचं, एक पांढऱ्या. ती ठेवायला इंदुरात ध्यानमंदिर बांधायचं ठरलं आणि १९३७च्या अखेरीस तो स्वतः इथे आला. मंदिर काही झालं नाही. पण माझी अडचण मंदिराची नाही, एका शब्दाची आहे.

लेखात एकदा ‘ही वॉज अ रोमेनियन’, एकदा ‘ही स्पोक रोमेनियन’, मग ‘रोमेनियन वुडकार्व्हिंग’ आणि शेवटी ‘रोमेनियन-बॉर्न फ्रेंच’ असं आहे. म्हणजे हा माणूस, भाषा की देश? पहिल्या प्रुफात तर कुणीतरी ‘रोमन शिल्पकार’ करून टाकलं होतं! आणि लिहायचं कसं, रोमेनियन, रोमानियन की रुमानियन? अंक छापायला जायचाय, लवकर सांगा.

प्रतिसाद १
माणूस आणि भाषा दोन्ही, देश मात्र नाही. देश रोमेनिया. ‘रोमेनियन’ म्हणजे तिथला माणूस, तिथली भाषा आणि तिथलं काहीही. इंग्रजीत एकच शब्द सगळीकडे राबतो, म्हणून गोंधळ. त्यांच्या स्वतःच्या भाषेत पुरुष वेगळा, बाई वेगळी, भाषा वेगळी आणि वस्तूंसाठी आणखी वेगळं रूप. आपल्याकडे ‘मराठी’ नाही का, ‘मराठी बोलतो’, ‘मराठी माणूस’, ‘मराठी जेवण’? तसंच. इंग्रजीत लिहिताना मात्र पहिलं अक्षर कायम मोठं, आणि भाषेच्या नावामागे ‘लँग्वेज’ नसेल तर ‘द’ लावू नका.

प्रतिसाद २
‘रोमन’ वाचून हसू आलं, पण चूक करणाऱ्याला फार बोलू नका. नातं आहेच. रोमन सम्राट ट्राजनने इ.स. १०६मध्ये डाकिया, म्हणजे साधारण आजच्या रोमेनियाचा प्रदेश, जिंकला, तिथल्या लॅटिनमधून पुढे ही भाषा आली आणि नावही ‘रोमानुस’ (लॅटिनमध्ये ‘रोमन’) वरूनच. तरी मराठा आणि मराठी एक नाहीत, तसंच हे.

खरी सावधगिरी ‘रोमानी’ची. रोमा लोक रोमेनियात बरेच आहेत, पण त्यांची रोमानी भाषा लॅटिनच्या घरातली नाही, ती आपल्या घरातली आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून बाहेर पडले. पाण्याला आजही ‘पानी’, नाकाला ‘नख’, काळ्याला ‘कालो’, दोनला ‘दुइ’. आपण ‘नख’ ऐकून बोटाकडे बघू, ते नाकाकडे बोट दाखवतील! म्हणून एखाद्या रोमेनियन माणसाला रोमानी म्हणणं किंवा उलट, दोन्ही चूक.

प्रतिसाद ३
स्पेलिंगबद्दल. जुन्या इंग्रजी पुस्तकांत हा देश ‘आर-यू’ किंवा ‘आर-ओ-यू’ने सुरू होतो, म्हणून आपल्या जुन्या नकाशांत ‘रुमानिया’. आता इंग्रजीत ‘आर-ओ’ आहे आणि उच्चार ‘रोमेनिया’च्या जवळचा. तिथले लोक ‘रोमनिया’च्या जवळपास म्हणतात, मधला स्वर आपल्याकडे नाहीच. तोच स्वर ब्रांकुसीच्या नावातही आहे, त्याचे गाववाले ‘ब्रंकुश’सारखं काहीतरी म्हणतात. तुम्ही ‘रोमेनियन’ धरा आणि अख्ख्या लेखात तेच ठेवा.

‘रोमेनियन-बॉर्न फ्रेंच’ मात्र इथे खटकतं. तो १९०४मध्ये पॅरिसला पोचला हे खरं, पण फ्रेंच नागरिकत्व १९५२चं. इंदुरात आला तेव्हा तो रोमेनियनच होता. त्या परिच्छेदात तसंच लिहा.

धागाकर्ती
मनापासून आभार. १९५२चं लक्षातच आलं नव्हतं. आता असं केलंय: ‘१९३७च्या अखेरीस इंदुरात आलेला ब्रांकुसी हा एक रोमेनियन शिल्पकार होता. लाकडावरच्या रोमेनियन कोरीवकामाचे संस्कार घेऊन तो वाढला होता.’ चालेल?

प्रतिसाद १
‘एक’ काढा. तो इंग्रजीतला ‘अ’ आहे, गुपचूप आत शिरलाय. बाकी छापा.