दोन हजारांचा हप्ता: शेतकऱ्याच्या घरात खरंच काय बदलतं? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कोरडवाहू
केंद्राच्या पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये फेब्रुवारी २०१९ पासून आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० ऑक्टोबर २०२३ पासून. बारा हजार, दोन-दोन हजारांच्या तुकड्यांत. "एवढ्याशा पैशात शेती होते का?" असं विचारतात. नाही होत. पण हा पैसा शेतीला पुरतो का, हा प्रश्नच चुकीचा आहे. तो वरखर्चाला येतो: दवाखाना, वह्या, किराण्याची मागची बाकी.

आणि हातात रोख असली की कृषी केंद्रावर बोलायची पद्धत बदलते. उधारीवर डीएपी खत घेणाऱ्याला १,३५० च्या पोत्यासोबत नॅनो युरियाची बाटली नाहीतर कसलंतरी सूक्ष्म अन्नद्रव्य गळ्यात मारतात, त्यालाच लिंकिंग म्हणतात. नको म्हटलं तर खत संपलेलं असतं. रोखीवाला पुढच्या दुकानात जातो. उधारीवाल्याला ती सोय नाही, आणि सोयाबीन निघाल्यावर माल त्याच दुकानदाराच्या काट्यावर घालावा लागतो तो वेगळाच.

काटापट्टी
असहमत. तीन एकर सोयाबीन धरा. एकरी ८ क्विंटल म्हणजे २४ क्विंटल. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात माल चार हजार ते बेचाळीसशेला गेला. क्विंटलमागे ७०० चा फरक धरला तरी १६,८०० रुपये. दोन्ही योजनांचे मिळून वर्षाचे बारा हजार, आणि एका हंगामात एका पिकात त्याहून जास्त गेले.

शिवाय पीएम किसानची रक्कम २०१९ पासून जागची हललेली नाही. तेव्हा बीटी कपाशीचं पाकीट ७३० ला होतं, २०२५ मध्ये ९०१. कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी भरायचा तो आणखी वेगळा. एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने देणं झालं हे. हाच पैसा हमीभावाच्या सरकारी खरेदी केंद्रांवर लावा.

कोरडवाहू
काटापट्टी, हिशेब बरोबर, पण हमीभाव मिळतो कुणाला? आधी ऑनलाइन नोंदणी, मग मेसेजची वाट, मग ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. २०२४ ला तो १५ पर्यंत सैल केला, तर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपला. तोवर माल घरात ठेवता आला पाहिजे. दोन एकरवाल्याचं सोयाबीन दिवाळीच्या आत आडतीवर गेलेलं असतं, कारण मळणीवाला आणि मजूर पैशाला थांबत नाहीत. त्या आठवड्यात दोन हजार खात्यात असले तर निदान एखादं पोतं मागे ठेवता येतं.

फेरफार
तुम्ही दोघं पैसे मिळतात हे धरून चाललाय. गावात जास्त रडगाणं "हप्ता आला नाही" याचंच असतं. तीन जागी तपासा.

१. ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी. आधारला जोडलेला मोबाइल चालू असेल तर ओटीपीने होते. नसेल तर सीएससीवर, म्हणजे गावातल्या सेवा केंद्रावर, अंगठा. म्हाताऱ्या माणसांचे ठसे खुरपून झिजलेले असतात, उमटत नाहीत. त्यांच्यासाठी ॲपवर चेहरा दाखवून करता येते.

२. जमिनीची नोंद. पोर्टलवर 'लँड सीडिंग'समोर 'नो' दिसत असेल तर सातबारा, ८अ आणि आधार घेऊन तालुक्याला जावं लागतं. बँकेत कितीही खेटे घाला, उपयोग नाही.

३. आधार कुठल्या खात्याला जोडलंय. सगळ्यात जास्त गोंधळ इथे. अर्जात दिलेला खाते क्रमांक पाहत बसू नका. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. कुणीतरी सिमकार्डासोबत मोबाइलवर पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, आणि हप्ते वर्षभर तिकडे पडून असतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की बँकेचं नाव कळतं.

नमोची यादी पीएम किसानवरूनच बनते. तिकडे अडकलं की इकडचेही गेले.

खातेदार वारला तर आधी वारस फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसाचं नाव लावणं, मग वारसाची नवी नोंदणी. आता त्याला शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही, वारसाने आलेली असेल तरच.

धुऱ्यावरचा
फेरफार, माहिती चोख. पण सगळी गाडी सातबाऱ्यावरच थांबली ना? पुण्यात बसलेल्या मालकाला हप्ता, आणि बटईने, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने करणाऱ्याला काय? बियाणं अर्धं त्याचं, खत अर्धं त्याचं, घाम पूर्ण त्याचा. ओडिशाने २०१८ च्या शेवटी 'कालिया' योजना आणली, त्यात भूमिहीन कुटुंबांनाही १२,५०० ची तरतूद होती. तेलंगणाच्या रयतू बंधू योजनेने मात्र पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, पाहूनच एकरी पैसे दिले, म्हणजे ज्याची जमीन जास्त त्याला जास्त. आपली योजना निदान त्या बाबतीत बरी, दोन एकर काय नि वीस एकर काय, रक्कम तीच.

काटापट्टी
बटईवाला ओळखणार कसा? कागदच नसतो. कुळकायद्याच्या धास्तीने मालक लिहून देत नाही. कसणारी कुळं जमिनीची मालक झाली तो १९५७ चा कृषक दिन आजोबांनी पाहिलेला, नातू अजून घाबरतोय. कागद नाही म्हणून पीककर्जही मालकाच्या नावावर. वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज, ते मालकाला. बटईवाला मात्र गावात शेकडा तीन रुपये महिन्याने उचलतो. म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के.

चूलखंड
एक बाजू राहिली. पीएम किसानमध्ये नवरा-बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एक कुटुंब, आणि पैसे बहुतेक घरांत बाप्याच्या खात्यात, कारण सातबाऱ्यावर नाव त्याचं. जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे १,५०० बाईच्या खात्यात येतात. ज्या बाईला दोन्ही शेतकरी योजना मिळतात तिला मात्र फरकाचे ५०० च. म्हणजे जिच्या नावावर जमीन आहे तिचेच हजार कापले.

चार महिन्यांनी येणारे दोन हजार एका फवारणीत जातात. महिन्याला येणारे पंधराशे गॅस, शाळेची रिक्षा, बचत गटाचा हप्ता यांत बसतात, ठरवून खर्च होतात. तारीख पुढेमागे झाली की गटात दंड बसतो.

काटापट्टी
चूलखंड ताई, तारखेचं पटलं. २०२५ चा विसावा हप्ता २ ऑगस्टला आला. सोयाबीन तोवर फुलावर. जूनमध्ये बियाण्याच्या ३० किलोच्या बॅगेला पैसे नव्हते तेव्हा उधारी करून झालीच होती.

कोरडवाहू
हे मान्य. एप्रिल ते जुलैचा हप्ता २५ मेच्या आत पडला पाहिजे, रक्कम न वाढवताही फायदा होईल. नाहीतर घरचं बियाणं राखा: ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाणी शिंपडून गोणपाट ओलसर ठेवायचं, सात-आठ दिवसांनी मोजायचे. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो, साठ उगवले तर ३५. पण त्यासाठी ते पोतं दिवाळीला विकायचं नाही.

काटापट्टी
मग दिवाळीचे पैसे कुठून, ते सांगा.