‘विकेंद्रित’, ‘संघीय’ की आणखी काही?

अक्षरवेल
आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकासाठी मास्टोडॉन या समाजमाध्यमावर लेख लिहिते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडले आहे. अशा समाजमाध्यमांना सगळीकडे ‘विकेंद्रित’ म्हणतात. तेच लिहून आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, “म्हणजे जिल्हा परिषदेसारखं?”

तिचं चुकलं नाही. मराठीत हा शब्द घरोघरी पोचला तो पंचायत राज्यामुळे. १९६० साली वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचं नावच लोकशाही विकेंद्रीकरण समिती होतं. तिच्या शिफारशींवरून कायदा झाला आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तिथे सत्ता आधी मुंबईत होती, मग ती खाली दिली गेली. मास्टोडॉनच्या बाबतीत असा कोणी देणारा नव्हताच. युजेन रोच्को यांनी २०१६ मध्ये जर्मनीत ते सॉफ्टवेअर लिहून सर्वांना खुलं केलं. ज्याला हवं त्याने ते आपल्या सर्व्हरवर (म्हणजे इंटरनेटवर कायम चालू असलेल्या संगणकावर) बसवावं, आपले नियम ठरवावेत. मग ‘विकेंद्रित’ कशाला म्हणायचं?

सातारकर
खोट प्रत्ययात आहे. केंद्रित, विकेंद्रित, स्थापित, नियोजित हे सगळे ‘कोणीतरी तसं केलेलं’ या अर्थाचे शब्द. करणारा गृहीत धरलेला असतो. ‘केंद्रहीन’ लिहा. (मूळ ‘केंद्र’ ग्रीकांकडून ज्योतिषग्रंथांमार्फत संस्कृतात आलेलं आहे. तेव्हा शब्द परका की आपला, या वादात इथे तरी शिरायला नको.)

अक्षरवेल
प्रत्ययाचं पटलं, ‘केंद्रहीन’ पटलं नाही. केंद्रं आहेत, भरपूर आहेत. प्रत्येक सर्व्हरला चालक असतो, तो नको ते खातं बंद करू शकतो. १९६४ मध्ये पॉल बॅरन या अमेरिकी अभियंत्याने संदेशवहनाच्या जाळ्यांचे तीन प्रकार काढून दाखवले होते. पहिल्यात सगळे धागे एका ठिपक्यात जातात. दुसऱ्यात अनेक ठिपके, प्रत्येकाभोवती आपापले धागे. तिसरं थेट कोळ्याच्या जाळ्यासारखं, कुठलीच गाठ मोठी नाही. मास्टोडॉन दुसऱ्या चित्रात बसतं. त्याला मी ‘बहुकेंद्री’ म्हणेन.

पंचगंगा
बहुकेंद्री चांगला आहे, पण अर्धंच सांगतो. दहा गावांत दहा वाचनालयं असली तरी ती बहुकेंद्रीच, एकाचं पुस्तक दुसऱ्यात मिळत नसलं तरी! इथे महत्त्वाचं आहे ते एका सर्व्हरवरचं बोलणं दुसऱ्यावर पोचतं, हे. ‘संघीय’ का नको?

सातारकर
कोल्हापूरच्या माणसाने ‘संघ’ म्हणावं, मग मला दूध संघच दिसणार. गावच्या संस्थेत दूध घालायचं, ते संघाकडे जायचं, दर वरून ठरायचा. त्यात पुन्हा वर-खाली आलंच.

पंचगंगा
दूध संघ बाजूला ठेवा, टपाल घ्या. १८७४ मध्ये जागतिक टपाल संघ स्थापन झाला, भारत त्यात १८७६ला आला. प्रत्येक देशाचं खातं वेगळं, तिकीट वेगळं, पोस्टमनचा गणवेश वेगळा. तरी इथे आपलं तिकीट लावून टाकलेलं पत्र जपानचा पोस्टमन तिथल्या दारात नेऊन देतो. सगळ्या पोस्टमनांचा एक साहेब नाही, पत्र कसं पोचवायचं याचा करार मात्र एक. मास्टोडॉनचा तसा करार म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीपब. जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्याला मानक म्हणून मान्यता दिली. तोच करार पाळणारी आणखी माध्यमं आहेत: पिक्सेलफेड छायाचित्रांसाठी, पीअरट्यूब चित्रफितींसाठी. मास्टोडॉनवरून दोन्हींकडच्या खात्यांशी नातं जोडता येतं. हा ‘संघ’ मला मान्य आहे.

अक्षरवेल
हे वाचून माझा लेखच बदलला. ईमेल वापरणाऱ्या प्रत्येकाला हे एका वाक्यात सांगता येईल: पत्ता कुठल्याही कंपनीचा असो, पत्र जातं. ‘संघीय’ पक्का.

आता उलट बाजू. फेसबुक, इन्स्टाग्राम यांना ‘बंद’ म्हणावं की ‘बंदिस्त’? ‘बंद मंच’ म्हटलं तर वाटतं, आत जाताच येत नाही. खरं तर आत जायला दार सताड उघडं असतं. अडतं ते बाहेर बोलताना. म्हणून ‘बंदिस्त’. शेतकऱ्यांना ‘बंदिस्त शेळीपालन’ ठाऊक आहे: शेळी गोठ्यातच राहते, कुठला चारा कधी घालायचा ते पाळणारा ठरवतो. आपल्यापुढे कुठला मजकूर आधी यावा हे कंपनी ठरवते, तेव्हा हाच शब्द नेमका बसतो.

नदीकाठ
बंदिस्त छान. एका शब्दाबद्दल मात्र सावध करते. एखाद्या सर्व्हरशी संबंध तोडण्याला काही जण ‘वाळीत टाकणं’ म्हणू लागलेत. कृपया नको. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, २०१७ मध्ये तो लागू झाला. त्यामागे माणसांची लग्नं मोडलेली आहेत, मयताला खांदा नाकारलेला आहे. २०१९ मध्ये गॅब हे दुसरं समाजमाध्यम मास्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं तेव्हा असंख्य चालकांनी आपापली दारं लावून घेतली. द्वेषाचा मजकूर आपल्या लोकांपर्यंत येऊ नये म्हणून केलेली ती गोष्ट. पंचांनी एका घराचं पाणी तोडणं आणि हे एका शब्दात घालू नका. ‘गावकुसाबाहेर’ही त्याच कारणाने नको.

अक्षरवेल
मनापासून आभार. माझ्या मसुद्यात ‘वाळीत’ दोनदा होतं, काढलं. ‘व्यवहार थांबवणे’ लिहिते. त्यात तो पुन्हा सुरू होण्याची शक्यताही राहते.

सातारकर
खातं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याला काय लिहिताय? ‘स्थलांतर’ फार सरकारी आहे.

अक्षरवेल
‘बिऱ्हाड हलवणे’. बंदिस्त मंचावर आपण बिऱ्हाडकरूच असतो, फक्त सामान उचलून शेजारच्या वाड्यात नांदायला जाता येत नाही. ३० सप्टेंबर २०१४ला गूगलचं ऑर्कुट हे समाजमाध्यम बंद झालं तेव्हा लिहिलेलं उतरवून घेता आलं, पण तिथला गोतावळा तसाच्या तसा दुसरीकडे नेता आला नाही. मास्टोडॉनवर नेता येतो: तुम्हाला अनुसरणारे तुमच्या नव्या पत्त्याशी आपोआप जोडले जातात. जुन्या नोंदी मात्र जुन्याच घरी राहतात. हे लेखात ठळक लिहिणार आहे, नाहीतर वाचक वर्षानुवर्षांच्या लेखनाला मुकल्यासारखे हळहळतील.

पंचगंगा
आणि प्रत्येक सर्व्हरला? ‘सर्व्हर’च ठेवणार?

अक्षरवेल
लेखात ‘सर्व्हर’च. आईसाठी ‘वाडा’. तिला पहिल्या झटक्यात कळलं, आणि तिने लगेच विचारलं, “वाड्याची घरपट्टी कोण भरतं?” बहुतेक ठिकाणी चालक स्वतः आणि राहणाऱ्यांची वर्गणी. तो परिच्छेद अजून लिहायचा आहे.