सीझियमचा उतार 1.71 येतोय, व्यस्त वर्गाचा नियम कुठे गेला?

तिसऱ्या बाकावरची:
गायगर काउंटरच्या प्रयोगात अडकलेय. सीझियम-137 ची चकती, समोर जीएम ट्यूब (काउंटरची किरण टिपणारी नळी). ट्यूबच्या खिडकीपासून चकतीच्या पुढच्या बाजूपर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं आणि प्रत्येक ठिकाणी 1 मिनिट काउंट घेतले:

3 सेमी: 8241
5 सेमी: 3925
8 सेमी: 1769
12 सेमी: 906
18 सेमी: 428
25 सेमी: 258

स्रोत कपाटात ठेवून 10 मिनिटांत 312, म्हणजे बॅकग्राउंड मिनिटाला 31. ते वजा करून लॉग-लॉग आलेख काढला. ठिपके बऱ्यापैकी रेषेत आहेत, पण उतार उणे 1.71. हवा उणे 2, कारण व्यस्त वर्गाच्या नियमाने अंतर दुप्पट झालं की काउंट चौथाई व्हायला हवेत. बॅकग्राउंड वजा करायला विसरले होते तेव्हा 1.66 होता, म्हणजे त्या विसरण्याचाही सगळा दोष नाही.

जोडीदार म्हणतो, 3 सेमीचं रीडिंग गाळ. गाळलं. 1.78 आला. आता तो 5 सेमीचंही गाळू म्हणतोय. असंच चाललं तर दोन ठिपके उरतील आणि त्यांतून रेषा अगदी बिनचूक जाईल! जर्नलमध्ये 'मानवी चूक' लिहायचं नाहीये. मागच्या वेळी त्या शब्दांखाली लाल पेनने 'कोणत्या मानवाची?' असं आलं होतं.

पल्स_मोजणारा:
डेड टाइम. जवळ ठेवलं की ट्यूबला दोन पल्सच्या मध्ये सावरायला वेळ मिळत नाही, काउंट कमी पडतात आणि रेषा चपटी होते. दुरुस्ती कर.

जुना डेमॉन्स्ट्रेटर:
दिशा बरोबर आहे, पण आकडा घालून तर बघा. 8241 प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला 137. डेड टाइम सढळ हाताने 200 मायक्रोसेकंद धरला तरी दर सेकंदातले 27 मिलिसेकंदच वाया जातात, 3 टक्क्यांच्या आतच. ती दुरुस्ती करून उतार 1.71 वरून 1.72 होतो. गुन्हेगार हा नाही.

ताई, तुझं पहिलंच वाक्य पुन्हा वाच: 'खिडकीपासून चकतीच्या पुढच्या बाजूपर्यंत'. गॅमा किरण खिडकीवर मोजला जात नाही. तो बहुधा ट्यूबच्या भिंतीतून इलेक्ट्रॉन उडवतो, तो इलेक्ट्रॉन आतल्या वायूत शिरला की पल्स मिळतो. म्हणजे मोजणीची सरासरी जागा खिडकीच्या बरीच आत. शिवाय सीझियमही चकतीच्या पृष्ठभागावर नाही, वेष्टणाच्या मागे आहे. खरं अंतर पट्टीने मोजलेलं d नसून d + a. हा a 25 सेमीला किरकोळ, पण 3 सेमीला केवढा! म्हणूनच जवळचं रीडिंग गाळल्यावर उतार सुधारला. तुझा जोडीदार चुकीच्या कारणाने बरोबर जागी बोट ठेवत होता.

लॉग सोडून दे. बॅकग्राउंड वजा केलेल्या काउंटचं वर्गमूळ घे, त्याचा व्यस्त काढ आणि साध्या आलेखावर अंतरासमोर मांड. नियम खरा असेल तर सरळ रेषा येईल आणि ती अंतराच्या अक्षाला उणे a वर छेदेल. तुझे आकडे टाकून पाहिले: a साधारण 1.4 सेमी येतो.

तिसऱ्या बाकावरची:
काढला! सगळ्या अंतरांत 1.4 मिळवून लॉग-लॉगचा उतार 2.02 आला. पण आनंद होण्याऐवजी खटकतंय. 2 यावा म्हणून a निवडला, आणि मग 2 आला म्हणून नियम सिद्ध? ही तर गोल गोल फिरणारी वाट झाली.

जुना डेमॉन्स्ट्रेटर:
हा प्रश्न जर्नलमध्ये असाच्या असा लिही. तो 2.02 पुरावा नाहीच. पुरावा आहे रेषेचा सरळपणा: ठिपके 6, अज्ञात संख्या 2 (रेषेचा उतार आणि a). घातांक वेगळा असता तर वर्गमुळाची रेषा वाकली असती, कोणत्याही a ने ती सरळ झाली नसती. दुसरं, a ला शरीर हवं. 1.4 सेमी ट्यूबच्या आत मावतं. 6 सेमी आला असता तर मी मानला नसता. वेगळी तपासणी हवी असेल तर चकती उलटी कर, a थोडा सरकायला हवा.

आणि 25 सेमीचं रीडिंग फार तोकडं आहे. 258 चं वर्गमूळ 16, म्हणजे उरलेल्या 227 वर 7 टक्के अनिश्चितता. रेषा वाकली की नाही हे ठरवणारा साक्षीदारच तोतरा. तिथे 10 मिनिटं बस.

पल्स_मोजणारा:
डेड टाइमचं मागे घेतो. चकतीतून गॅमाबरोबर बीटा कणही (वेगवान इलेक्ट्रॉन) येत असतील का? 2 मिमी अ‍ॅल्युमिनियम लावून बघ. बीटा हवेत काही प्रमाणात शोषले जातात, त्यामुळे उतार उलट 2 च्या पुढे जायला हवा, पण खात्री बरी.

तिसऱ्या बाकावरची:
आज 25 सेमीला 10 मिनिटं बसले: 2519. बॅकग्राउंड वजा करून मिनिटाला 221, कमीजास्त 5. रेषेवर नीट बसतो. अ‍ॅल्युमिनियम लावून फारसा फरक नाही. चकती उलटी करून पुन्हा सगळी अंतरं घेतली, a 1.4 चा 1.6 झाला, म्हणजे 2 मिमी सरकला; चकतीची जाडी 3 मिमी आहे, त्यात हे बसतं.

जोडीदाराने 3 सेमीचा ठिपका स्वतःच्या हाताने आलेखावर परत मांडला.