दहा वर्षांचा कॉम्प्युटर: एसएसडी टाकू की नवाच घेऊ? आणि जुन्या फॉन्टमधल्या फायलींचं काय?

कोर्टाजवळची टायपिस्ट

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सीबीएस बस स्टँडजवळ, जिल्हा न्यायालयाच्या बाहेर टायपिंगचं काम करते. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, वकिलांच्या कैफियती, जे येईल ते. १९९३ साली टाइपरायटरवर मराठी तीसची (मिनिटाला तीस शब्द) परीक्षा दिली, मग चाळीसची, तेव्हापासून हेच.

कॉम्प्युटर २०१६ मध्ये असेंबल करून घेतलेला. आय-थ्री, सिक्स्थ जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी दहाला आले की आधी बटण दाबते. मग टेबल पुसते, गणपतीला उदबत्ती लावते, चहावाल्याला हाक मारते. चहा येतो, पिऊन होतो, कप घेऊन पोरगा जातो, तरी पडद्यावर गोल गोल फिरतंच आहे. समोर पक्षकार बसलेला असतो, दिंडोरीहून पहिल्या गाडीने आलेला. त्याला काय सांगू, ‘थांबा, मशीन जागं होतंय’?

त्यात आता विंडोज १० बंद झालं म्हणून सारखी पाटी येते. एम. जी. रोडवर एका दुकानात विचारलं तर काउंटरवरच्या मुलाने मशीन न बघताच सांगितलं, “काकू, हे भंगार झालं. अकरा चढणार नाही. नवाच घ्या.” मुलगा पुण्याला नोकरीला, तो म्हणतो लॅपटॉप घे. मला लॅपटॉपची चपटी बटणं जमत नाहीत, बोटं घसरतात. माझ्या कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलीत, पण मला ती कुठे बघायची असतात!

खरी काळजी वेगळीच आहे. माझ्याकडे अकरा हजारांवर फायली आहेत, सगळ्या जुन्या मराठी फॉन्टमधल्या, रेमिंग्टनने, म्हणजे टाइपरायटरच्याच बटणांच्या मांडणीने, टाइप केलेल्या. दिवाळीत मुलाच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह लावून एक वाटणीपत्र उघडलं, तर सगळी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंसांची खिचडी. पोटात गोळाच आला. नवा कॉम्प्युटर घेतला आणि सगळ्या फायली अशाच दिसल्या तर?

काय करू? महिनाभर कॅबिनेटमधून मधूनच टक-टक-टक असा आवाजही येतो. पंख्याला वायर लागत असावी. तेही बघून घेईन.

सातपूरचा मेंटेनन्सवाला

ताई, भंगार म्हणणाऱ्याला नवा माल विकायचा होता, एवढंच. टायपिंगला तुमचा प्रोसेसर भरपूर आहे. मशीन अडतं ते हार्ड डिस्कपाशी.

मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. डेस्कटॉपची डिस्क साधारण मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, सुमारे ४ मिलिसेकंद. त्याआधी हेड सरकायचा वेळ वेगळा. हिशेब केला तर सेकंदाला शंभरेक ठिकाणंही वाचून होत नाहीत. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली उघडतं, त्या सगळ्या डिस्कभर विखुरलेल्या. तुमचा चहा त्यातच संपतो. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपची डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नाही, ती सेकंदाला हजारो ठिकाणं सहज वाचते. साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्या, २५६ जीबी पुरे. तुमच्याच केबलवर बसते.

रॅम ४ ची ८ करून घ्या, पण भाव विचारून. एआयच्या सर्व्हरसाठी मेमरी तिकडे जातेय, म्हणून २०२५ च्या शेवटापासून रॅम चांगलीच महागलीय. जास्त सांगितली तर नुसती एसएसडी टाका, फरक तिनेच पडतो.

विंडोज अकराचं तो मुलगा खरं बोलला. इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, तुमची सहावी. तोडगे काढून चढवतात लोक, कामाच्या मशीनवर मी ते करणार नाही. पण ‘बंद झालं’ म्हणजे मशीन बंद पडत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेचे अपडेट थांबले, इतकंच. तेही घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात. सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय येतो. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत.

पेंग्विनप्रेमी

विंडोजच्या मागे का लागता? त्याऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाका. २२ नंबरच्या आवृत्तीला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, ४ जीबीवर मस्त चालतं, वर्डसारखं लिबर ऑफिस सोबत येतं.

सातपूरचा मेंटेनन्सवाला

भाऊ, मिंट माझ्याही घरी आहे. पण दुपारी दोनला नोटरी उठायच्या आत बाईंना दहा पानं काढायची असतात. तेव्हा लिबर ऑफिसात मार्जिन हललं आणि दस्ताचा लेजर पेपर वाया गेला तर भरून तू देणार का?

निफाडचा बागायतदार

सगळे एसएसडी, मिंट, रॅमवर बोलताय आणि ताईंनी शेवटी काय लिहिलंय ते कोणी वाचलंच नाही. टक-टक-टक!

ताई, तो पंखा नाही. पंख्याला वायर लागली तर सलग फरफर वाजतं. थांबून थांबून टक-टक म्हणजे बहुतेक हार्ड डिस्कचं हेड जागा शोधतंय, सापडत नाही म्हणून मागे येऊन पुन्हा धडपडतंय. माझ्या लॅपटॉपचं नेमकं हेच झालं. द्राक्ष एक्स्पोर्टला द्यायची म्हणून फवारणीच्या नोंदी एक्सेलमध्ये ठेवत होतो. कुठल्या तारखेला कोणतं औषध, किती मिली, काढणीला किती दिवस राहिले, तीन हंगामांचं सगळं. आवाज यायला लागला तेव्हा छाटणी चालू होती. म्हटलं, छाटणी उरकू मग बघू. आठव्या दिवशी चालू केला तर काळ्या पडद्यावर डिस्क नाही म्हणून इंग्रजी ओळ. डेटा काढणाऱ्याने जो आकडा सांगितला त्यात माझं एका एकराचं ठिबक झालं असतं. नोंदी गेल्या त्या गेल्याच. मग मजुरांच्या हजेरीच्या वहीवरून आणि औषधाच्या बिलांवरून निम्म्याशिम्म्या जुळवल्या.

तुम्ही आज घरी जायच्या आत फायली कॉपी करा. आधी फायली, मग बाकी. आणि दुकानात नेऊन ‘आहे तसं सगळं नव्या डिस्कवर उतरवा’ असं लगेच सांगू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला पाचशे जीबी वाचायला लावलं तर मधेच मान टाकते.

कोर्टाजवळची टायपिस्ट

अगं बाई! हे डोक्यातच आलं नाही. आत्ता कोर्टाची सुट्टी झालीय, बसते कॉपी करत. पेन ड्राइव्ह १६ जीबीचा आहे, पुरेल का? अकरा हजार फायली आहेत हो.

निफाडचा बागायतदार

पुरून उरेल. नुसत्या मजकुराची वर्डची फाइल ४०-५० केबीची असते. अकरा हजार म्हणजे साडेचारशे-साडेपाचशे एमबी. तुमची सगळी मेहनत लग्नाच्या व्हिडिओपेक्षा लहान आहे. पण पेन ड्राइव्ह एकच ठेवू नका, दुसरी प्रत मुलाकडे पाठवा.

नाशिकरोडचा जुना डीटीपीवाला

उशिरा आलो. फॉन्टबद्दल लिहितो, आयुष्य त्यातच गेलं.

ताई, तुमच्या फायली बिघडलेल्या नाहीत. जुन्या फॉन्टची लबाडी अशी होती की फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवायची आणि फॉन्टने त्या अक्षराच्या जागी ‘क’चं चित्र दाखवायचं. कॉम्प्युटरला वाटायचं तुम्ही इंग्रजीच लिहिताय. मुलाच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता, म्हणून आतलं इंग्रजी उघडं पडलं. तेव्हा फायलींबरोबर फॉन्टही वाचवा. सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स नावाचं फोल्डर. तुमचे दोन-चार फॉन्ट तिथून पेन ड्राइव्हवर घ्या. नव्या मशीनवर त्यावर राइट क्लिक करून इन्स्टॉल केलं की वाटणीपत्र पहिल्यासारखं दिसेल. विंडोज अकरावर चालतं, पेंग्विनवाल्यांच्या मिंटवरही चालतं.

युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीत, बदलायचं म्हणाल तर सगळं एकदम बदलायच्या भानगडीत पडू नका. रेमिंग्टनवर तुम्ही ऱ्हस्व वेलांटी आधी मारता आणि अक्षर नंतर, ‘दिवाणी’ची वेलांटी ‘द’च्या अगोदर. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर. रफाराचं उलटं. ‘कर्ज’ टाइप करताना तुम्ही ‘ज’ मारून वर रफार देता, युनिकोडमध्ये ‘र’ आधी साठतो. म्हणजे जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या सॉफ्टवेअरला, कन्व्हर्टरला, प्रत्येक शब्दात उचलाउचल करावी लागते आणि जोडाक्षर मोठं असलं की तो चुकतो. सगळ्यात जास्त घोटाळा आपल्या मराठीच्या ‘ऱ्या’चा. बरेचसे कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले, त्यामुळे ‘शेतकऱ्याने’चं ‘शेतकर्याने’ होतं, ‘लिहून देणाऱ्या’चं ‘देणार्या’. दस्तात हा शब्द किती वेळा येतो ते तुम्हाला माहीत आहेच.

मुख्य धोका वेगळा. तुम्ही पॅन नंबर इंग्रजी फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. सगळा मजकूर उचलून कन्व्हर्टरमध्ये टाकला की तो पॅनलाही मराठी समजून बदलून टाकतो. वेलांटी चुकली तर वकील हसेल. पॅन किंवा गट नंबर चुकला तर माणूस चार वर्षं हेलपाटे मारील. म्हणून रोज लागणारे तीस-चाळीस नमुने तेवढे बदला, एकेक ओळ वाचून. बाकीचं जुनं जुन्या फॉन्टमध्येच राहू द्या, कोणी मागितलं की उघडायचं.

आणि रेमिंग्टन. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही वेगळी बटणांची मांडणी आहे, २०१९ पासून फोनेटिकही (इंग्रजी उच्चाराने मराठी) आहे, पण रेमिंग्टन तयार मिळत नाही. युनिकोडसाठी त्याचं सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं, तेच टाका. मी पन्नाशीत इनस्क्रिप्ट शिकलो. महिनाभर बायको म्हणायची, रात्री झोपेत उशीवर बोटं आपटता.

कोर्टाजवळची टायपिस्ट

आठ दिवसांनी लिहितेय, कामाचा रगाडा होता.

निफाडच्या दादा, तुमच्या तोंडात साखर पडो. त्या संध्याकाळी कॉपी करायला बसले. बाकी सगळं पाऊण तासात झालं, पण २०१७ चं फोल्डर आलं आणि मशीन अडलं. टक-टक, मग शांत, मग टक-टक. दिवे लागले, बाहेरचा झेरॉक्सवाला शटर ओढून गेला, मी आपली पट्टी सरकतेय का बघत बसलेली. शेवटी ते फोल्डर सोडून पुढची वर्षं आधी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी २०१७ पुन्हा उघडून पाहिलं तर बरंच आलं, एकोणचाळीस फायली मात्र नाही म्हणजे नाहीच. त्यातल्या बऱ्याच वकिलांकडे छापील आहेत. एक मृत्युपत्र होतं. त्या आजोबांचा मुलगा मागच्या वर्षी प्रत मागायला आला होता तेव्हा छापून दिलेली, नाहीतर मला झोप लागली नसती.

मग ओळखीच्या एकाला बोलावलं, त्याने माझ्यासमोरच कॅबिनेट उघडलं. आत दहा वर्षांची धूळ, वर उदबत्तीची राख, एक मेलेली पाल आणि माझी २०१९ पासून हरवलेली स्टॅम्पची पावती. ती आत कशी गेली देव जाणे. एसएसडी बसवली, विंडोज १० नव्याने टाकलं, अपडेटची नोंदणी केली. रॅमचा भाव ऐकून हात जोडले, ४ च ठेवली. फॉन्ट टाकले आणि पहिलं तेच दिवाळीचं वाटणीपत्र उघडलं. दिसलं! ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’ दोघंही जागेवर.

आता बटण दाबून फडकं हातात घेते तोवर मशीन तयार असतं. उदबत्ती कामात कामात लावावी लागते, गणपतीची तेवढी गैरसोय झालीय.

नमुने बदलायला घेतलेत, रोज दोन. काल ‘शेतकऱ्याने’ तीनदा दुरुस्त केलं. डीटीपीवाले दादा, तुमची आठवण काढली, चांगलीच काढली.

एक राहिलं. ती जुनी डिस्क एकजण चारशे रुपयांना मागतोय, म्हणतो कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगला लावीन. मी सगळं डिलीट केलंय. देऊ का?

सातपूरचा मेंटेनन्सवाला

अजिबात नाही. तुम्ही डिलीट केलं म्हणजे अनुक्रमणिकेचं पान फाडलं, पुस्तक आतच आहे. साध्या सॉफ्टवेअरनेही त्यातलं पुष्कळ परत निघतं. किती लोकांचे आधार, पॅन, सातबारे, भाऊबंदकीच्या भानगडी आहेत त्यात? शिवाय टक-टक करणारी डिस्क घेऊन तो तरी काय करणार? वरचे स्क्रू काढा, आत चकत्या असतात, त्यांना ड्रिलने आरपार भोकं पाडा. डोळ्यांना चष्मा लावून, कारण काहींच्या चकत्या काचेच्या असतात, फुटून उडतात.

कोर्टाजवळची टायपिस्ट

ह्यांनी शेजारून ड्रिल आणलंय. स्क्रूच निघत नाहीत, चांदणीच्या आकाराचे आहेत, आपला पाना लागत नाही.

निफाडचा बागायतदार

झाकणासकट आरपार पाडा, ताई. कशाला उघडायची?