अनुभव धागा: खान्देशच्या उन्हात कुंडीतली बाग

पुण्या-मुंबईच्या हवेला धरून सांगितलेली कुंड्यांची वेळापत्रकं आपल्याकडे लागू पडत नाहीत. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, ओट्याची फरशी दिवेलागणीलाही पायाला पोळते आणि कुंडीतल्या मुळांना खाली गारव्याकडे जायला जागाच नसते. तरी आपल्या गल्ल्यांमधून ओट्यावर, जिन्यात, पत्र्याखाली भाजी नि फुलं पिकतात. ज्यांनी ती पिकवली त्यांनी नेमकं काय केलं ते इथे लिहावं. माती कुठली, पाणी कधी, उन्हाळ्यात काय राखलं आणि काय सोडून दिलं. सुरुवात मी करते.

जळगाव, घरापुढचा ओटा

आपलं भाजीचं वर्ष मृगात सुरू होतं आणि होळीला आटोपतं, हे एकदा मान्य केलं की बऱ्याच अडचणी मिटतात. टोमॅटोचंच घ्या. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर राहू लागलं की त्याचे पराग निकामी होतात, फुलं येतात आणि देठासकट गळतात. मग कितीही खत घाला, फळ धरत नाही. रोप गणपतीच्या सुमारास लावलं तर फळधारणा थंडीत होते आणि संक्रांतीच्या आगेमागे घरचे टोमॅटो भरपूर मिळतात. मेथी, पालक, मुळा यांनाही थंडीच मानवते. कोथिंबीर तर ऊन वाढलं की पानं सोडून थेट फुलावर जाते. होळीनंतर मी भाजीच्या कुंड्या रिकाम्या करते, माती फरशीवर पातळ पसरून ओलसर करते, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरते आणि उन्हात तापू देते. किडींची अंडी, बुरशी, तणाचं बी बरंचसं मरतं. आपलं ऊन या कामी फार मोलाचं आहे.

शेतातली काळी माती मात्र कुंडीत एकटी भरू नका. ओली झाली की तिचा चिकट गोळा होतो. वाळली की ती कडेनं आकसते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. बुडातून पाणी आलं म्हणून आपण समाधान मानतो आणि आत मुळं कोरडीच असतात. मी काळी माती, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं घेते, वर मूठभर निंबोळी पेंड. शेणखत जुनं आणि चाळलेलं हवं. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीची पांढरी अळी येते आणि रोप का मान टाकतंय ते कळेपर्यंत तिनं मुळं खाल्लेली असतात.

भुसावळ, दुसऱ्या मजल्यावरची गच्ची

ताई, भाजीपुरतं तुमचं खरं. पण गुलाब, जास्वंद, मिरचीची जुनी झाडं ही जगवावीच लागतात, आणि आमच्या गावात खरी परीक्षा तीच आहे.

माझ्या मते पाण्याआधी जागा बदलावी. मार्च लागला की मी सगळ्या कुंड्या अशा बेतानं हलवतो की पश्चिमेला भिंत येईल. सकाळचं ऊन मिळतं, दुपारचं टळतं. मोठ्या कुंड्या बाहेरून, लहान मधोमध, सगळ्या एकमेकींना खेटून. बाहेरच्या कुंड्यांना ओलं गोणपाट गुंडाळतो. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या सर्वांत जास्त तापतात, त्यांना बाहेरून चुना लावला तरी फरक पडतो. मातीवर शेंगांची टरफलं किंवा केळीची वाळलेली पानं दोन-तीन बोटं जाड पसरतो. ही दोन्ही आपल्याकडे फुकट मिळतात, त्यासाठी बाजारातून काही आणायची गरज नाही. हिरवी जाळी ५० टक्के सावलीची पुरते, पण ती झाडांच्या डोक्यावर टेकवू नका. वर हातभर मोकळी जागा राहिली तरच गरम हवा निघून जाते.

पाणी सूर्य उगवायच्या आत. संध्याकाळी द्यायचं तर फरशी निवल्यावर. गच्चीवरच्या नळीत दिवसभर साचलेलं पाणी चटका बसेल इतकं तापतं, म्हणून पहिलं पाणी बादलीत सोडून द्यावं. आणि वजनाचा विचार करा. भरलेल्या मोठ्या कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या नाहीतर बीमच्या रेषेत ठेवाव्यात, खाली विटा द्याव्यात.

या सगळ्याला अपवाद मोगरा. त्याला जाळीखाली कोंडू नका. थंडी सरताना छाटणी करायची, पानं काढायची, थोडे दिवस पाणी तोडायचं आणि मग खत-पाणी सुरू करायचं. जसजसं ऊन चढतं तसा तो कळ्यांनी भरतो. अख्ख्या गच्चीत मे महिना आवडणारं हे एकच झाड, आणि माझं सर्वांत लाडकं.

धुळे, भाड्याची खोली

माझ्याकडे खोलीपुढे पत्र्याची पडवी, बाकी जागा नाही. एका जुन्या ड्रमचा अर्धा भाग कापून त्यात गिलकं आणि दुसऱ्या अर्ध्यात दोडकं लावते. सुतळीनं वेल पत्र्यावर चढवते. पावसाळ्यात भाजी मिळते आणि ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा कमी तापतो, खोली गार राहते.

फुलं येतात पण फळ धरत नाही, असं पुष्कळ जण सांगतात. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात, त्यामुळे आधी धीर धरावा. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं फळ दिसतं. शहरात मधमाश्या कमी, म्हणून नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला आपणच लावायचे. वेळ सांभाळा: गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. दोडक्याकडे सकाळी गेलात तर फुलं मिटलेली सापडतील.

चाळीसगाव

पाण्यावर एक भर. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी कुंड्यांना रोज घालू नये. त्यात क्षार जास्त असतात. पानांच्या कडा करपतात, मातीवर पांढरा थर धरतो. बोअरच्या जड पाण्याचंही तेच. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. पावसाळ्यात कुंड्या पागोळ्यांखाली ठेवून भरपूर भिजू द्याव्यात, साचलेले क्षार धुऊन निघतात.

नंदुरबार, घरामागची मोरीशेजारची जागा

आमच्या गावाला लाल मिरची वाळवायच्या पथारी आहेत, तेव्हा मी मिरचीवरच लिहिणार. बारा इंची कुंडीत एक झाड. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतात. हिरव्या तोडत राहिलात तर झाड फुलत राहतं, लाल होऊ दिल्या तर थांबतं. पानं वाटीसारखी वळली, आखडली की तो चुरडामुरडा. फुलकिडे आणि पांढरी माशी यांच्यामुळे तो येतो. सुरुवातीलाच पिवळे-निळे चिकट सापळे लावा. निंबोळीचा अर्क घरी करता येतो: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवा, गाळा, थोडं साबणाचं पाणी घाला आणि उन्हं उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. झाड पूर्ण आखडलंच असेल तर उपटून टाका, शेजारची झाडं वाचतात.

शिरपूर

मी नुकतीच सुरुवात करतेय. गॅलरीत सकाळी दोन-तीन तासच ऊन येतं. काय लावू?

जळगाव, घरापुढचा ओटा

ताई, तुमची गॅलरी उन्हाळ्यात आम्हाला हेवा वाटावा अशी आहे. पुदिना, गवती चहा, ओव्याची पानं, पालक, अळू लावा. टोमॅटो-वांग्यासाठी मात्र ऊन कमी पडेल.

अमळनेर, अंगणातला कट्टा

मी फक्त फुलं लावते. श्रावणात आपल्याकडे कानबाई देवी बसते. आजी म्हणायची, “कानबाईले घरनंच फूल जोयजे (घरचंच फूल पाहिजे).” म्हणून श्रावणात कट्ट्यावर सदाफुली, जास्वंद, गुलबक्षी असतेच. दसऱ्याच्या झेंडूचं बी आषाढात टाकते, श्रावण लागताना रोप कुंडीत हलवते आणि वीतभर झालं की शेंडा मोडते. दारावरचं तोरण घरच्या फुलांचं होतं.

शेवंतीबद्दल सांगायचं राहू नये. तिला कळी धरायला लांब, अंधाऱ्या रात्री लागतात. रस्त्याचा दिवा रात्रभर अंगावर पडत असेल तर झाड हिरवंगार राहतं आणि फुलत नाही. माझी कुंडी खांबाच्या उजेडातून घराच्या आडोशाला हलवली आणि थंडीत ती भरभरून फुलली. बहर सरल्यावर झाड छाटून ठेवा, पावसाच्या तोंडावर बुडाशी आलेले फुटवे वेगळे करून लावा.

यावल तालुका

भरताच्या वांग्याचा उल्लेख अजून कुणी केला नाही, म्हणून लिहितो. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि आमच्या तालुक्यातल्या बामणोद गावचं वांगं तर घराघरांत माहीत आहे. हे वांगं कुंडीत होतं. रंगाची २० लिटरची बादली घ्या, बुडाला भोकं पाडा, एका बादलीत एकच झाड. जुलैत बी, ऑगस्टमध्ये रोप, थंडीत फळं. फळ जड असतं, त्यामुळे तुरकाठीचा आधार हवाच. झाडावर एका वेळी चार-पाचच फळं राखा, बाकी फुलं खुडा. महिन्यातून एकदा सरकीची पेंड भिजवून द्या.

शेंड्यानं मान टाकली की आत अळी आहे असं समजा. करपलेल्या भागाच्या खालून शेंडा कापा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. कुंडीत कोपऱ्यात टाकलात तर अळी पुढे फळात शिरते. फळ चकचकीत असतानाच काढा, तकाकी गेली की बिया होतात. असं वांगं काड्यांवर भाजून केलेलं भरीत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर खाल्लंत तर पुढच्या वर्षी दोन बादल्या जास्त भराल.

भुसावळ, दुसऱ्या मजल्यावरची गच्ची

आप्पा, बी घरचं धरता येईल का? दरवर्षी रोपवाल्याकडून नेमकं भरताचंच मिळेल याची खात्री नसते.

यावल तालुका

येईल, भाऊ. जवळपास दुसरं वांगं असेल तर फूल उमलायच्या आत त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधा, कीटकांमुळे संकर होतो. फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला दोरा बांधून ठेवा म्हणजे चुकून तोडलं जाणार नाही. निरोगी झाडाचं चांगल्या आकाराचं फळ निवडा आणि ते पिवळं पडून मऊ होईपर्यंत झाडावरच राहू द्या. मग गर पाण्यात कुस्करा. भरलेलं बी तळाशी बसतं, पोकळ वर तरंगतं ते टाका. सावलीत वाळवून राखेत घोळवा आणि डब्यात घट्ट बंद करा. हायब्रिडचं रोप असेल तर हे करू नका, पुढच्या झाडाला तसंच वांगं येत नाही. देशी वाणाचं बी हवं असेल तर सांगा, यंदा दोन फळं राखली आहेत.