मदत हवी आहे: इंडक्शन हार्डनिंगनंतर तेलाच्या भोकाला तडे

ईएन १९ (क्रोम-मॉली मिश्र पोलाद) चा ४० मिमी शाफ्ट, आधीच हार्डन-टेम्पर केलेला (तापवून झटकन थंड करून कडक, मग पुन्हा बेताने तापवून चिवट), २८-३२ एचआरसी (रॉकवेल कडकपणा). फक्त बेअरिंगच्या जागी इंडक्शन हार्डनिंग (कॉइलने धातूत करंट निर्माण करून पृष्ठभाग तापवणं आणि लगेच थंड करणं) करतोय: १० किलोहर्ट्झ, स्कॅनिंग (तापवणं शाफ्टच्या लांबीवर सरकत जातं), २ मिमी खोली, ५४-५६ एचआरसी हवी. क्वेंच (झटकन थंड करणं) पाण्यात ८ टक्के पॉलिमर मिसळून. ६ मिमीच्या आडव्या तेलाच्या भोकाच्या काठावरून केसासारखे तडे निघतात. मॅग्नेटिक क्रॅक टेस्टमध्ये ते ग्राइंडिंगच्या आधीच दिसतात, म्हणजे दोष ग्राइंडिंगचा नाही.

काठाशी करंट एकवटून तिथलाच धातू जास्त तापतो, ग्रेन (धातूचे सूक्ष्म कण) जाड होतो आणि क्वेंचमध्ये तोच आधी फाटतो, हे उघड आहे. भोकाच्या काठाला १ मिमी चॅम्फर (तिरपी कड) दिला, तडे कमी झाले, पण थांबले नाहीत. टेम्परिंग १८० अंशांवर २ तास, पण क्वेंचनंतर कधीकधी चार-पाच तासांनी. हा उशीर मला सगळ्यात जास्त खटकतो.

भोकात तांब्याचा प्लग घट्ट बसवून कुणी काम केलंय का? की साधा माइल्ड स्टीलचा प्लग बरा? क्वेंच मंद करायला पॉलिमर १२ टक्क्यांवर नेलं तर ईएन १९ ला हार्डनेस पुरेल ना? शिवाय कडक केलेला पट्टा संपतो तिथे मूळ धातू परत टेम्पर होऊन मऊ पडतो. तो भाग फिलेटपासून (व्यास बदलतो तिथल्या गोलसर कोपऱ्यापासून) किती लांब ठेवता? कृपया प्रत्यक्ष वापरलेले आकडे सांगा.